नऊ बोटांचे गव्हर्नर

सोलांजच्या कपाळाला हात लावून पाहायची हर्मिनाची ही सकाळपासूनची अकरावी खेप होती. कपाळ गारच होतं. पण गार म्हणजे ताप नाही, की ताप आत दडी मारून बसलाय, हे सात महिन्यांच्या पोरीला विचारायचं कसं? खालच्या हिरडीतून दोन दात डोकं वर काढत होते आणि त्यांच्यापायी पोरगी हाताला लागेल ते तोंडात कोंबत होती.

सासूबाई देनरीला मयताला गेलेल्या. नवरा क्लीटस केळ्यांच्या बोटीवर, म्हणजे या घटकेला कुठल्या पाण्यात असेल ते देवाला नाहीतर कप्तानाला ठाऊक. तेव्हा पोरीला कडेवर घेऊन हर्मिना थेट बेलमार वाचनालयात आली होती. वाचनालयात तान्ही मुलं आणायला बंदी होती. केळी, ओल्या छत्र्या आणि कुत्री यांच्या पंगतीत तसं दारावर लिहिलेलंच होतं. पण मिस लान्सिको दुपारी दोनच्या आत येणार नव्हत्या, आणि उद्या चार वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

स्वातंत्र्याला तीन आठवडे उरले होते. बेटाच्या राजधानीत, अख्ख्या कॅस्ट्रीजमध्ये, जो तो काहीतरी रंगवत होता, कुणी कुंपण, कुणी होडी, कुणी निवडणुकीतली जुनी भांडणं. बेलमार वाचनालयाने ठरवलं, की ज्यांनी आजवर आपल्यावर राज्य केलं त्यांची तोंडं एकदा भिंतीवर टांगायची, लोकांना डोळे भरून पाहू द्यायची आणि मग सुखाने निरोप द्यायचा. अडचण एकच होती. तोंडं नव्हती. अठ्ठेचाळीसच्या आगीत गावाबरोबर साहेबांचे फोटोही गेले. दोन-चार सापडले त्यांत सगळे साहेब एकाच साच्यातले: ताठ कॉलर, ताठ मिशी आणि उन्हाने मिटलेले डोळे. कोण कुठला, काही पत्ता लागत नव्हता.

वाचली होती ती व्यंगचित्रं. ‘मुस्तीक’, म्हणजे डास, नावाचं एक साप्ताहिक त्या काळी निघायचं, नावासारखंच चावरं. त्याचा चित्रकार ती-फोन्स मागे एक पत्र्याची ट्रंक ठेवून गेला होता. ती डोंगरावर बहिणीच्या घरी होती म्हणून आगीतून सुटली. ट्रंकेत एकोणपन्नास चित्रं. ती-फोन्सने कुणाचे कान सोडले नव्हते, कुणाचं पोट सोडलं नव्हतं. विधिमंडळातले पहिले काळे सभासद, वकील ऑक्टाव्ह मोंदेझी, त्याने कोंबडा म्हणून काढले होते: गोऱ्यांच्या अंगणात छाती काढून आरवणारा, पण एक डोळा दाण्यांवर. बंदराच्या साहेबाला मानेवर डोकंच दिलं नव्हतं, त्या जागी रबरी शिक्का बसवला होता. फोटोत न दिसलेला माणूस या चित्रांत ठसठशीत दिसत होता.

हर्मिनाने तीन आठवडे खपून त्यातली सात निवडली, कोण कोणता नेता ते ठरवलं आणि प्रत्येकाखाली लावायला विद्वत्तापूर्ण मजकूर लिहिला. माहितीपुस्तिकाही छापून आली होती, तीनशे प्रती. तिची नोकरी तात्पुरती होती. “भिंत नीट उभी राहिली तर जागा कायम,” मिस लान्सिकोंनी सांगून ठेवलं होतं. “नाही राहिली, तर जमैकाला जाऊन कॉलेज केलेल्या मुली हल्ली पुष्कळ मिळतात.” ‘पुष्कळ मिळतात’ हे दोन शब्द हर्मिनाला पोरीला पाजतानाही आठवायचे, आणि मग दूध कमी तर होणार नाही ना, ही नवी काळजी लागायची.

सगळ्यात मोठं चित्र चौथं. सिंहासनावर बसलेला ढेरपोट्या माणूस, डोक्यावर पिसांची टोपी, छातीवर ताटाएवढं पदक, समोर सलाम ठोकणारी गाढवं. पाय मात्र अनवाणी. तारीख होती एकोणीसशे सत्तावीस. तेव्हा बेटावर सर पर्सिव्हल थॉर्नक्रॉफ्ट होते. हुद्दा ॲडमिनिस्ट्रेटरचा, पण बाजारात सगळे गव्हर्नरच म्हणायचे. हर्मिनाने खाली लिहिलं होतं: ‘गव्हर्नरांना अनवाणी दाखवून चित्रकाराने साम्राज्याच्या नैतिक दारिद्र्यावर नेमके बोट ठेवले आहे.’ या वाक्यावर तिचा फार जीव होता.

सोलांजला तिने ट्रंकेशेजारी चटईवर बसवलं आणि ती शिडीवर चढून चौकट सरळ करू लागली. तेवढ्यात पोरीने भोंगा पसरला.

“अगं ए, कुणाचं लेकरू रडतंय आत? पुस्तकं प्रसवायला लागली का?”

दारात मा फिलो. वाचनालयाच्या पायऱ्यांवर ती तीस वर्षं पाव आणि आक्रे, म्हणजे खाऱ्या माशाची भजी, विकत बसायची, पण उंबरठा कधी ओलांडला नव्हता. आज रडणं ऐकून आली. पंच्याहत्तरीची बाई, कमरेवर हात, डोक्याला लाल फडकं.

“मा फिलो, दात येताहेत हो तिला. ताप तर नाही ना? तुम्ही जरा हात लावून बघा.”

“ताप तुला आहे, पोरी. तिला भूक आहे.” मा फिलोने सोलांजला उचललं, पावाचा कडक तुकडा तिच्या मुठीत दिला आणि वर पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिली. मग पोरीला कडेवर सावरून तिने उजवा गुडघा वाकवला, मान झुकवली आणि चौथ्या चित्राला चांगला लवून मुजरा केला.

हर्मिना शिडीवरून उतरली ती रागानेच. “हे काय, मा फिलो? तीन आठवड्यांत आपण स्वतंत्र होणार, आणि तुम्ही गव्हर्नरला कसले मुजरे करताय?”

“कुठला गव्हर्नर?”

“हे सर पर्सिव्हल थॉर्नक्रॉफ्ट.”

मा फिलो हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग पोट, मग सगळीच. कडेवरची सोलांजही तिच्याबरोबर वरखाली होऊ लागली. “अगं बया! सर कसले नि पर्सिव्हल कसले! हा माझा बाप आहे. मोंत्रोझ एदुआर. बंदरावर कोळशाच्या पाट्या वाहायचा. ला रोझचा राजा होता तो, एकोणीस वर्षं!”

हर्मिनाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. ला रोझ काय आणि ला मार्गरीत काय, बेटावर जन्मलेल्या कुणाला सांगायला नको. दोन फुलांच्या नावाच्या दोन मंडळ्या, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या. प्रत्येकीचा राजा, राणी, न्यायाधीश, डॉक्टर, शिपाई. वर्षभर हमाली करणारा माणूस सणाच्या दिवशी पिसांची टोपी घालून सिंहासनावर बसतो, आणि त्याच्यासमोरून मुजरा न करता जाईल त्याला मंडळीचा शिपाई धरतो. साहेबाचा थाट उचलून तो साहेबापेक्षा झोकात मिरवायचा, ही तर त्यातली गंमत. हे सगळं हर्मिनाला ठाऊक होतं. नुसतं कॉलेजात गेल्यापासून आठवत नव्हतं.

“पण... पण कशावरून? टोपी तर गव्हर्नरचीच आहे.”

“टोपी पुठ्ठ्याची. पिसं आमच्याच कोंबड्यांची, मी स्वतः उपटली होती. एक कोंबडा तर जिवंत होता.”

“चित्रकाराने अनवाणी दाखवलंय, ते साम्राज्याच्या नैतिक...”

“बूट नव्हते त्याच्याकडे, राणी. बस, एवढंच.” मा फिलोने हसून डोळे पुसले. “आणि तो ती-फोन्स पडला मार्गरीतवाला, त्यांचा ढोल वाजवायचा. आमच्या राजाला ढेरी काढल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. बाप माझा काडीसारखा होता. पण पाय मात्र मेल्याने बरोबर काढलेत. डाव्या पायाची बोटं मोज बघू.”

हर्मिनाने भिंग आणलं. मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. अंगठ्याच्या जागी नुसती गोल बोथट रेघ.

“चोवीस साली कोळशाची गाडी गेली त्यावरून,” मा फिलो म्हणाली. “तरी तिसऱ्या दिवशी कामावर.”

तीन आठवडे हे चित्र हर्मिनाच्या नाकासमोर होतं. सोलांज जन्मली तेव्हा तिची बोटं हर्मिनाने तीनदा मोजली होती, नर्स वैतागेपर्यंत. आणि इथे? चित्रकाराचा निष्काळजीपणा, असं समजून ती पुढे गेली होती.

“मग खरे थॉर्नक्रॉफ्ट कुठे आहेत?” ती पुटपुटली. “त्यांचं एक तरी चित्र असायला हवं.”

“आहे की. तुझी लेक खातेय त्याला.”

खरंच. खाली ठेवल्याबरोबर सोलांजने पाव टाकून ट्रंकेतून एक कागद ओढला होता आणि त्याचा कोपरा ती मन लावून चघळत होती. हर्मिनाने झडप घातली. आधी पोरीची जीभ पाहिली, शाई लागलीय का. मग कागद पाहिला. किडकिडीत माणूस, आखूड चड्डी, एका हाताने स्वतःची छत्री धरलेली, दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी. आणि कुत्राच त्याला ओढत नेतोय. हर्मिनाने या चित्रामागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘अज्ञात कारकून. निरुपयोगी.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

“हाच तो,” मा फिलो म्हणाली. “उकडलेल्या भाज्यांवर जगायचा बिचारा. त्याच्या कुत्र्याला सगळं गाव घाबरायचं, त्याला कुणीच नाही.”

मग ती जायला वळली आणि दारात थांबली. तिचं हसू आता मावळलं होतं. “पोरी, बाप माझा मेला तेव्हा पुरायची पेटी द्यायलाही मंडळीच धावली. फोटो कसला आलाय त्याचा! हे एवढंच आहे बघ. ढेरी राहू दे, गाढवंही राहू दे. पण नाव त्याचं घाल. त्या उकडलेल्या भाजीचं नको.”

दोन वाजता मिस लान्सिको आल्या. सोलांज तोवर शेजारणीकडे गेली होती, चटईवर फक्त पावाचा चुरा होता. हर्मिनाने एका दमात सगळं सांगितलं. बोटं, कोंबडे, कुत्रा, सगळं. फक्त चघळलेला कोपरा सोडून.

मिस लान्सिकोंनी चष्मा पुसला. “पुस्तिका किती छापल्या?”

“तीनशे.”

“उद्या उद्घाटनाला कोण येतंय?”

“शिक्षणखात्याचे संचालक, मिस्टर इझिडोर.”

“थॉर्नक्रॉफ्ट जिवंत आहेत?”

“नाही, मिस.”

“मोंत्रोझ एदुआर?”

“नाही. पण मा फिलो आहे.”

“पाव विकणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून आपण इतिहास बदलत नसतो, मिसेस माँटूट. आणि ला रोझचा राजा? या भिंतीवर?” इथे मात्र त्यांचा आवाज नको तितका चढला. “त्यापेक्षा कुठलाही गव्हर्नर पत्करला. चित्र आहे तसंच राहील. मजकूर आहे तोच राहील. तुमची जागा कायम व्हावी असं तुम्हाला वाटतं ना?”

हर्मिनाला वाटत होतं. फार वाटत होतं. क्लीटसच्या बोटीचा भरवसा नव्हता, आणि सासूबाई सुनेची नोकरी आणि नातीचं नाक या दोन विषयांवर दिवसभर बोलू शकायच्या.

उद्घाटनाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मोंत्रोझ एदुआर, कोळसा वाहणारे, ला रोझचे राजे.’ आणि तो पिशवीत तळाशी सरकवला, सोलांजच्या लंगोटांखाली. लावायचा असं ठरवलं नव्हतं. न लावायचा असंही नव्हतं. असू दे बरोबर, जशी ती कफावरची बाटली बरोबर ठेवायची.

चार वाजता दालन भरलं. सासूबाई परतल्या नव्हत्या, शेजारीण उद्घाटनालाच आलेली, तेव्हा सोलांज पुन्हा कडेवर. मिस लान्सिकोंनी निळा पोशाख घातला होता, नखशिखान्त निळा. ला मार्गरीतचा निळा. हर्मिनाच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. पण पुढचा विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण दारातून मा फिलो आत येत होती आणि तिच्यामागे अकरा म्हाताऱ्या, सगळ्या लालगुलाबी पोशाखातल्या, डोक्यावर गुलाब खोचलेल्या. एकेक जण चौथ्या चित्रासमोर गेली, गुडघा वाकवला, मुजरा केला, बाजूला झाली. बाराही जणींचे गुडघे कुरकुरलेले सगळ्यांनी ऐकले.

मिस्टर इझिडोर गोलमटोल, हसरे, समारंभांना सरावलेले गृहस्थ. कार्यक्रमाचा हाही एक भाग असणार, असं त्यांना वाटलं. बारा बायका वाकल्या, आपणच ताठ कसे राहणार? त्यांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून झकास मुजरा ठोकला. वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला.

“वा! आणि हे कोण म्हणायचे?” मिस्टर इझिडोरांनी सरळ होत विचारलं.

मागून एका उत्साही शिक्षकाने पुस्तिकेतून मोठ्याने वाचलं, “सर पर्सिव्हल थॉर्नक्रॉफ्ट. इंग्रज गव्हर्नर.”

मिस्टर इझिडोरांची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. “मिस लान्सिको,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “स्वातंत्र्याला तीन आठवडे राहिलेत, आणि तुम्ही मला इंग्रजापुढे वाकवलंत? फोटोसकट? उद्या बाजारात माझ्यावर गाणी रचतील लोक!”

मिस लान्सिको चष्मा पुसू लागल्या. हर्मिनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मा फिलोकडे. मा फिलो तिच्याकडेच पाहत होती. रागाने नाही. रडणाऱ्या पोरीच्या तोंडाकडे पाहावं तशी, की भूक आहे का दुखतंय.

“ते गव्हर्नर नाहीत, सर,” हर्मिना म्हणाली. मग तिने तेच पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं. “पुस्तिका मी लिहिली. चूक माझी आहे. हे मोंत्रोझ एदुआर. बंदरावर कोळसा वाहायचे. ला रोझचे राजे. डाव्या पायाची बोटं मोजा, चार आहेत. ही त्यांची मुलगी.” आणि तिने पिशवीत हात घालून, दोन लंगोट जमिनीवर सांडत, पुठ्ठा बाहेर काढला.

मिस्टर इझिडोर वाकले. आता मुजऱ्यासाठी नाही, मोजण्यासाठी. “एक, दोन, तीन, चार. चारच!” त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जणू ते नसलेलं बोट त्यांनीच शोधून काढलं होतं. “म्हणजे मी आपल्या माणसाला मुजरा केला? कोळसा वाहणाऱ्या राजाला?” ते फोटोवाल्याकडे वळले. “हे लिहून घे. नाव नीट लिही. आणि पुन्हा एक काढ, मघाशी माझे डोळे मिटले होते.”

म्हाताऱ्यांनी गाणं सुरू केलं. वाचनालयात गाण्यालाही बंदी होती. ते त्या दिवशी कुणी वाचलं नाही.

मिस लान्सिको हर्मिनाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवार हर्मिनाने हिशेबाने काळजी करण्यात घालवला: सकाळी नोकरीची, दुपारी पोरीच्या दाताची, संध्याकाळी दोन्हींची.

सोमवारी टेबलावर एक कागद होता. नेमणुकीचा. कायम.

“चूक तुमची होती,” मिस लान्सिको खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “आणि माझीही. दोन चुका एकाच छपराखाली कायमच्या असलेल्या बऱ्या, बाहेर बोभाटा होत नाही.”

“तुमची कशी, मिस?”

“ला मार्गरीतच्या घरात वाढलेल्या पोरीला ला रोझचा राजा ओळखू येणार नाही? पहिल्या दिवशीच ओळखला मी. म्हटलं, टांगू दे गोऱ्याच्या नावाने. बरी जिरेल त्यांची.” त्या थांबल्या. “आमचा राजा माझा बाप होता. तेवीस वर्षं. ती-फोन्स त्याचा ढोलवाला. आपल्या राजाची टर कशी उडवायची, म्हणून पठ्ठ्याने त्याचं एकही चित्र काढलं नाही. कौतुकाने आठवण काढायचा, बस. फोटो आगीत गेले. आता त्या कोळसेवाल्याला भिंत, आणि माझ्या बापाचं तोंड मलाही धड आठवत नाही.”

हर्मिना उठली, दारापर्यंत गेली आणि पायऱ्यांवर हाक मारली. मा फिलो हात पुसत आत आली, या खेपेला उंबरठ्यावर न अडखळता.

“मा फिलो, मार्गरीतचा राजा आठवतो का हो? लान्सिको?”

“गास्पार? न आठवायला काय झालं! चाळीस वर्षं शिव्या घातल्यात त्याला.” तिने मिस लान्सिकोंकडे एक नजर टाकली, परवानगी मागावी तशी. त्यांनी मान हलवली. “कान असे, फणसाच्या पानासारखे. उजवा डाव्यापेक्षा मोठा. चालायचा बदकासारखा, आणि सिंहासनावर बसला की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून खाली पेटी ठेवायचे. हसला की आधी नाकातून शिट्टी वाजायची. गात तर असा होता, की आमच्या गाढवाने एकदा...”

“लिहून घ्या,” मिस लान्सिको म्हणाल्या. चष्मा त्यांच्या हातात होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. “मिसेस माँटूट, बघता काय? सगळं लिहून घ्या. गाढवाचंसुद्धा.”